का-बरं मावशी

आमच्या हायस्कुलातल्या शिपाई मावशींना कोणतंही काम सांगितलं की त्या आधी कारण विचारत. हेडसरांनी “आज घंटा दहा मिनिटं लवकर द्या” म्हटलं, तरी दारात उभं राहून त्या म्हणत, “का बरं, सर?” उत्तर मिळालं की मुकाट्याने जात. त्यात उद्धटपणा नव्हता. कारण कळल्याशिवाय त्यांचा हात कामाला लागत नसे, एवढंच. मुलींनी त्यांचं नाव ‘का-बरं मावशी’ ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

आमचं गाव मुखेडपासून एसटीने अर्ध्या तासावर. मावशींचे यजमान याच शाळेत शिपाई होते. ते वारल्यावर त्यांच्या जागेवर मावशींना घेतलं. दाखल्यावर त्या चौथी पास होत्या, पण मध्ये इतकी वर्षं गेली होती की एक ओळ वाचायची तर अक्षरं जुळवत बसावं लागे. सही मात्र ठसठशीत करायच्या.

खेळाच्या सामानाची खोली त्यांच्या ताब्यात असे. शाळेत एखाद्या मुलीला पाळी आली की तिला त्या खोलीत पाठवायचं, असा न बोलता ठरलेला रिवाज होता. हिंदीच्या बाई नुसतं “मावशींकडे जा” म्हणत. मी सहावीत असताना माझ्या बाकावरची मुलगी तिथे चटयांच्या मागे लपून रडत बसली होती. आपल्याला आत काहीतरी लागलंय आणि आता आपण मरणार, असं तिला वाटत होतं. मावशींनी तिला धुवायला पाणी दिलं, कपड्याची घडी कशी घ्यायची ते दाखवलं. जरा शांत झाल्यावर तिने विचारलं, “मावशी, हे येतंय कुठून?”

मावशी म्हणाल्या, “मला बी ठाऊक न्हाई, बाळा. तीस वर्सं झाली, पर मला कुणी सांगितलंच न्हाई.”

जगाला कारण विचारणाऱ्या बाईला हे फार लागलं असावं. त्याच खोलीतल्या कपाटात किशोरवयीन मुलींसाठी आलेल्या, पाळीची माहिती देणाऱ्या पुस्तिकांचा गठ्ठा होता. दर आठवड्याला त्या त्याची धूळ झटकत. त्या मुलींना वाटायच्या का, असं हिंदीच्या बाईंना त्यांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, “बघू, पुढच्या वर्षी वाटू.”

“पुढच्या वर्षी का बरं?”

बाई हजेरीपट उचलून तासाला निघून गेल्या. त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मावशींनी गठ्ठ्याची सुतळी सोडली.

आम्ही सहावी-सातवीच्या आठ जणी होतो. मला अडखळल्याशिवाय वाचता येई, म्हणून पुस्तिका माझ्या हातात आली. मावशी आमच्यासारख्याच चटईवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, “मी शिकवाया न्हाई बसले. मला शिकवा. हसू आलं तर मोकळं हसा, पर हसून झालं की परत वाचायचं.” पहिल्या शनिवारी आम्ही वाचण्यापेक्षा हसलोच जास्त. ‘गर्भाशय’ शब्द आला आणि माझा आवाज आपोआप खाली गेला. मावशींनी मला थांबवलं. “पोट म्हणताना आवाज पडतो का तुझा? मंग ह्याला का बरं पडावा?” मी तो शब्द पुन्हा वाचला. तिसऱ्या वेळी तो नेहमीच्या आवाजात आला.

आमच्यातली एक मुलगी उन्हाळा असो की पावसाळा, दप्तर छातीशी धरून वाकून चालायची. मावशींनी एकदा सरळच विचारलं, “पाठीवरचं दप्तर म्होरं का बरं घेतीस?” तिने खाली बघत सांगितलं की पोरं बघतात. मावशींनी आम्हा बाकीच्यांकडे पाहिलं. “आणखी कोण कोण वाकून चालतंय?” थोड्या वेळाने एक हात वर झाला. मग दुसरा. शेवटी आठही. असं होणारी आपण एकटीच, अशी आमच्यातल्या प्रत्येकीची खात्री होती.

चौथ्या की पाचव्या शनिवारी मी वाचलं, की पाळी साधारण तीन ते सात दिवस चालते. त्याहून जास्त दिवस रक्त जात असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

“परत वाच,” मावशी म्हणाल्या.

मी वाचलं.

“आणखी एकदा.” मग त्यांनी पुस्तिका हातात घेतली आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं. “छापताना चुकलं असंल. माझं तर पंधरा-सोळा दिवस चालतंय. तीन वर्सं झाली. माझ्या मायचं बी असंच होतं. रगत जाऊन जाऊनच गेली ती.”

हे त्यांनी रोजचं काही सांगावं तसं सांगितलं. पाण्याची घागर घेऊन मैदान ओलांडताना त्या मध्ये दोनदा टेकतात, हे आम्ही रोज पाहत होतो. त्यांची नखं कागदासारखी पांढरी होती. सातवीतली एक जण म्हणाली, “मावशी, दवाखान्यात का बरं गेला न्हाई तुम्ही?”

मावशींनी पुस्तिका मांडीवर ठेवली. “सोबत कोण हाय? लेक देगलूरच्या पलीकडं दिलेली. तिचं लेकरू लहान. एकटीनं जाऊन डॉक्टराला काय सांगू, कसं सांगू?”

गावात कुणाला तरी सोबत जायला सांगणं भाग होतं, आणि ते माझ्या वाट्याला आलं. शनिवारी गणिताचा जादा तास असतो, असं मी घरी सांगून ठेवलेलं होतं. आई परातीत तूरडाळ निवडत होती. मी समोर बसून एका दमात सगळं सांगितलं: पुस्तिका, चटई, मावशींचे पंधरा दिवस. आईचा हात थांबला.

“तुला हे सगळं ठाऊक हाय?”

“हाव.”

मला वाटलं, आता थप्पड बसणार. आईने बराच वेळ डाळीतून बोटं फिरवली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “किती दिवस म्हणलं पुस्तकात?”

“तीन ते सात.”

“आन् धा-बारा चालत असंल तर?”

मी अकरा वर्षांची होते, पण ती मावशींबद्दल विचारत नाही, एवढं मला कळलं.

सोमवारी आई आणि मावशी दोघी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. त्याआधी त्यांची ओळख रस्त्यात भेटल्यावर मान हलवण्याइतकीच होती. आईच्या अंगात रक्त कमी निघालं, तिला गोळ्या दिल्या. मावशींच्या गर्भाशयात मोठी गाठ होती आणि आधी रक्ताच्या बाटल्या चढवल्याशिवाय ऑपरेशन करता येत नव्हतं. गाठ साधी निघाली. आईने नंतर सांगितलं, की मावशी दर सुईला डॉक्टरांना कारण विचारत होत्या, आणि डॉक्टरीणबाई चिडत चिडत का होईना, सगळं सांगत होत्या.

दीड महिन्याने मावशी कामावर आल्या. तोवर गठ्ठ्याची गोष्ट हेडसरांपर्यंत पोचली होती. त्यांनी बोलावून विचारलं, “कोणाला विचारून गठ्ठा सोडलात?” मावशी म्हणाल्या, “न्हाई विचारलं, सर. विचारलं असतं तर तुम्ही बी पुढच्या वर्षी म्हणला असता.” हेडसर बराच वेळ टेबलावरचे कागद नीट करत राहिले. शेवटी म्हणाले, की बसायचं तर बसा, पण हिंदीच्या बाईंना सोबत घ्या. बाई पहिल्या शनिवारी दाराजवळ खुर्ची टाकून बसल्या. तिसऱ्या शनिवारी त्या चटईवर होत्या आणि त्यांचे प्रश्न आमच्यापेक्षा जास्त होते.

दहावीनंतर मी लातूरला शिकायला गेले. मावशी मुदतीआधीच नोकरी सोडून लेकीकडे राहायला गेल्या. जाण्याआधी मुखेडच्या स्टँडवर भेटल्या होत्या. बस लागली होती, बोलणं फार झालं नाही. घाईने माझा हात धरला, नखं बघितली, “बरी हायेत” म्हणाल्या आणि चढल्या. त्यांची नखंही बरी होती. दोन वर्षांनी छातीत कळ येऊन त्या वारल्या. लेकीचा फोन माझ्या आईला आला. दहाव्याला आई एकटीच गेली.

परत आली त्याच आठवड्यात तिने माझ्या धाकट्या बहिणीला समोर बसवलं. बहीण दहा वर्षांची होती, तिला अजून काही सुरू झालं नव्हतं. मी सुट्टीला आलेली, शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते. आईने सावकाश सांगितलं: काय होतं, कुठून येतं, किती दिवस, कधी दवाखान्यात जायचं. एक-दोन ठिकाणी ती अडली, पण आवाज खाली आणला नाही.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आई, तुला कोणी सांगितलं हे?”

“शाळेत एक मावशी होत्या,” आई म्हणाली. “त्यांला बी ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी नांदेडला जाऊन इचारून आलो.”