मालकांची मूठ

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी धड कळलंच नाही. चुकून हे कोणाच्या हाती पडलं तर त्याने सांभाळून घ्यावं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची शाळा तेलुगू होती आणि लांब होती. तेव्हापासून सही सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. पण चार माणसांत बोलायची वेळ आली की मी मागे सरते, आणि मनात साचलेलं तर कुठेतरी ठेवावं लागतंच. मला लिहायचं आहे ते आमच्या मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, उजव्या हाताविषयी. तो हात परत कामाला लागावा, एवढंच आम्हाला हवं होतं.

मालक लग्नाआधीपासून कुस्ती खेळायचे. बेला गावाच्या आसपासच्या जत्रांत त्यांचं नाव होतं ते ताकदीमुळे नव्हे, पकडीमुळे. समोरच्याचं मनगट एकदा त्यांच्या हातात आलं की सुटत नसे. ही पकड त्यांना माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाने दिली. गावाबाहेर मारुतीजवळ जो आखाडा आहे, त्याचे भासरे वस्ताद. वाळूने भरलेली मडकी नुसत्या बोटांनी काठाला धरून उचलायची आणि आखाड्याला फेऱ्या मारायच्या. ज्वारीच्या कोठीत हात कोपरापर्यंत खुपसून मुठी आवळायच्या. भिजलेलं गोणपाट पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत पिळायचं. माझं नवीन लग्न झालं तेव्हा मालक घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर नेऊन पिळायचे. बायका मला म्हणायच्या, तुले धोबी नवरा भेटला वो. मी लाजून दुसरीकडे बघायची. पण त्यांनी पिळलेली वाकळ दुपारच्या आत वाळायची, हेही खरं.

पुढे कुस्ती सुटली, आम्ही भाजीच्या वाडीत रमलो. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन मालक आदिलाबादच्या बाजारात जायचे. एका सकाळी वांग्याचा क्रेट उचलताना ते तसेच खाली बसले. तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि उजवा हात दुसऱ्याचा असल्यासारखा मांडीवर पडला होता. लकवा.

दवाखान्याचा खर्च भासऱ्यांनी केला. ते पैसे त्यांचे नव्हते. आखाड्यावर टिनाचं छत टाकायचं म्हणून गावाने वर्गणी जमा करून त्यांच्याकडे ठेवली होती. त्यांनी पंचांना सांगितलं, भावाचा जीव आधी, छत मागून, आणि देऊन टाकले. जीव वाचला. पाय हळूहळू चालू लागला. हात तसाच राहिला. दवाखान्यात म्हणाले, व्यायामासाठी रोज या. रोज जाणं आमच्याने होत नव्हतं. वाडी कोणी बघायची, आणि मालकांना बसमध्ये चढवायचं कोणी? तेव्हा भासरे म्हणाले, हाताचं मी पाहतो. मला केवढा धीर आला. ज्याने हा हात घडवला तोच पुन्हा घडवणार, यापेक्षा चांगलं काय असतं?

आता आमच्याकडे भासरा आणि लहान भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. मी त्यांच्यासमोर पदर पुढे ओढते. ते माझ्याकडे बघत नाहीत, नाव तर घेतच नाहीत. पण मालकांच्या हातावर हात ठेवून मूठ आवळायचं काम मलाच करायचं होतं, आणि शिकवणारे ते. म्हणून रोज सकाळी आमच्या अंगणात भासरे तुळशीकडे तोंड करून बसायचे, मी मालकांजवळ, आणि मध्ये माझी थोरली जाऊ.

"तिले म्हना, मनगट खाली दाबून धर," भासरे तुळशीला सांगायचे.

"ती तीन हातांवर बसली हाये," जाऊ म्हणायची. "सरळ सांगान तं तुमची जीभ झडते का?"

मालकांना हसू यायचं, पण वाकड्या तोंडाने हसताना लाळ गळायची, मग ते हसायचं थांबायचे. मी पदराने पुसायची.

भासऱ्यांनी पहिल्या धड्यापासून सुरू केलं. आखाड्याची ओली माती आणून मालकांच्या तळव्यावर ठेवली. तिला तेलाचा, हळदीचा वास होता. मी माझ्या हाताने त्यांची बोटं त्या मातीवर मिटायची, उघडायची, मिटायची. मग ज्वारीच्या डब्यात हात. मग ओलं फडकं. कितीतरी दिवस काहीच झालं नाही. मला वाटायचं मी मेलेल्या हाताला चाळवते आहे. आणि एकदा माझ्या तळव्याखाली त्यांची करंगळी हलली. मी ओरडले नाही, ओरडायची सवयच नाही, नुसतं जावेकडे बघितलं. तिला कळलं. तिने घरात जाऊन गुळाचा खडा आणला आणि सगळ्यांच्या हातावर ठेवला. भासरे उठून गोठ्याकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

त्यानंतर मूठ झपाट्याने वळू लागली. फडकं धरलं जायचं, काठी धरली जायची. भासरे रोज थोडं वाढवायचे. मडकंही आलं, आधी रिकामं, मग मूठभर वाळू घालून. गावातली माणसं बघायला यायची आणि म्हणायची, पैलवानाचा पंजा जागा झाला.

मला मात्र काहीतरी वेगळं दिसत होतं. मालक झोपले तरी मूठ मिटलेली असायची. नखं तळव्यात रुतायची. नखं कापायची तर मला एकेक बोट उचकटावं लागे, आणि आतून घामाचा कुबट वास यायचा. मी जावेला सांगितलं, जावेने भासऱ्यांना. ते म्हणाले, पकड येऊन राह्यली, घाई नका करू. मी गप्प बसले. कुस्तीतलं मला काय कळतं?

गोळ्या आणायला आम्ही दोघं आदिलाबादला निघालो त्या दिवसाची गोष्ट. बसमधून उतरताना मालकांनी मुद्दाम उजवा हात दारातल्या दांड्यावर ठेवला. मला दाखवायचं होतं त्यांना. दांडा धरला, पाय खाली टाकला, आणि हात सुटेना. ते अर्धे खाली, अर्धे वर लोंबकळत राहिले. मागची माणसं ढकलू लागली. कंडक्टर तेलुगूत ओरडत होता, त्याला वाटलं म्हातारा अडून बसलाय. मालक माझ्याकडे बघत होते. मी खालून त्यांची बोटं ओढत होते आणि ती दांड्याला गुंडाळतच चालली होती. मला कोणालाही हाक मारता आली नाही. शेवटी दोन कॉलेजच्या पोरांनी मिळून ती मूठ सोडवली. एकजण म्हणाला, काका, पंजा भारी हाये तुमचा. चांगल्या मनाने म्हणाला तो.

दवाखान्यात व्यायाम करवणाऱ्या मुलीने त्यांचा हात बघितला आणि तिचा चेहराच बदलला.

"मुट्ठी बंद करना किसने सिखाया इनको?" ती मला म्हणाली. "इसको खोलना है, अम्मा. खोलना."

लकव्याचा हात आपसूक मिटत जातो, त्याला उघडायला शिकवावं लागतं, असं तिने हिंदीत समजावलं. मनगट आत वाकवायचं, आधी अंगठा बाहेर काढायचा, मग बाकीची बोटं. झोपताना बांधायला एक पट्टी दिली. हात पुन्हा पहिल्यासारखा होईल का, ते मी विचारलंच. ती म्हणाली, बघू. मला हिंदी कमी येतं, पण त्या बघूचा अर्थ कळला.

भासऱ्यांना हे मालकांनीच सांगितलं. मी भिंतीआड होते.

भासरे म्हणाले, "आमच्या तालमीत धराचंच शिकवलं. सोडाचं कोणी कोणाले शिकवलं नाई. ज्याच्यानं सुटलं तो हारला, एवढंच आमाले ठाऊक."

मालक म्हणाले, "दादा, तुमच्यामुळं हात हलला तरी."

त्यावर भासरे उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळचे आले नाहीत. आता मी एकटीच मालकांची मूठ उघडते. सकाळी उघडते, दिवस कलेपर्यंत ती पुन्हा मिटते. लोणी काढताना, निंदताना माझ्या हाताला मूठ उघडायचं ते वळण आठवत राहतं. रडू येतं असं नाही. पण कोणावर रागवावं तेही सापडत नाही.

त्या पावसाळ्यात छताविना आखाड्याचा चिखल झाला. भासरे एकटेच फावड्याने पाणी काढायचे. पैशाविषयी त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही, पण पंच त्यांना विचारू लागले, हे जावेकडून मला कळलं. मी वाडी एकटीने केली, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसले, भाव सांगायला शिकले. कापूस वेचायला लोकांच्या शेतात गेले. वर्गणी फेडायला जमेल तसे पैसे जावेच्या हाती देत गेले.

शेवटचे पैसे मालक म्हणाले, मी माझ्या हातानं देतो. डाव्या हातानं देणं त्यांना पटेना, वडीलधाऱ्याला डाव्या हातानं देत नाहीत. मी सकाळी त्यांची बोटं उघडून नोटा तळव्यावर ठेवल्या. भासऱ्यांच्या ओसरीपर्यंत पोचेस्तोवर मूठ दगडासारखी झाली होती.

भासऱ्यांनी ओंजळ पुढे केली. मालकांनी मूठ तिच्यावर धरली. आम्ही सगळे थांबलो. मालकांच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा तट्ट झाल्या, बोटं मात्र जागची हलली नाहीत. मी पुढे व्हावं की नाही मला कळेना. भासऱ्यांसमोर मी कशी जाणार?

भासऱ्यांनी दोन्ही हातांनी ती मूठ घेतली. मनगट हळूच आत वाकवलं. आधी अंगठा बाहेर काढला. हे त्यांनी कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. मग एकेक बोट, जराही घाई न करता. नोटा घामाने ओल्या झाल्या होत्या, त्यांचा बोळा झाला होता. त्यांनी त्या मांडीवर ठेवून तळहाताने एकेक सरळ केली आणि जावेला हाक मारून सांगितलं की आखाड्याचे सगळे पैसे आले.