स्पीकरचं चुंबक

"छातीतली गाठ कॅन्सरची आहे, पण वेळेत सापडली आहे," मिरजेच्या डॉक्टरीणबाई बायोप्सीचा रिपोर्ट वाचून म्हणाल्या. बायोप्सी म्हणजे सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. मी अर्धंच वाक्य ऐकलं, आमच्या ह्यांनी तेवढंही नाही.

हे तासगावात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. देवापेक्षा ह्यांचा तारेवर आणि चुंबकावर जास्त विश्वास. चुंबकानं कॅन्सरच्या पेशी मरतात, असं ह्यांनी मोबाइलवर कुठंतरी वाचलं आणि जुना स्पीकर फोडून त्यातलं चुंबक माझ्यापुढं धरलं. "आठ दिस बांधून बघू. किमो काय पळून जातीय व्हय?"

किमो म्हणजे पेशी मारणारं औषध, सलाइनमधून देतात. त्याची मला लय भीती. म्हणून मीही चुंबक छातीशी बांधून बसले. माझं काम शिलाईचं. टाचण्या तेवढ्या त्याला चिकटायच्या, गाठ होती तिथंच. किमोची तारीख टळली. मूर्खपणा दोघांचाही, एकट्या ह्यांचा नाही.

दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मुकाट गेलो. ह्यांनी चुंबक टेबलावर ठेवलं. "म्याडम, ह्यानं न्हाई का जमायचं?"

बाई हसल्या नाहीत. "चुंबकीय क्षेत्राचा कॅन्सरच्या पेशींवर काय परिणाम होतो, यावर प्रयोगशाळेत अभ्यास चालू आहे. पण तुमच्या पत्नीला देता येईल असा उपचार अजून त्यातून आलेला नाही. हे तर स्पीकरचं आहे. गाठ थांबणार नाही, उद्याच किमो सुरू करू."

ह्यांचे डोळे भरले. लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिले मी ते तसे. इतकी माया आली, की रागवायचं राहूनच गेलं.

केस गेले, तोंडाची चव गेली. दर खेपेला हे एसटीत माझी उशी मांडीवर घेऊन बसायचे. मग ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण न्यूरोपॅथी राहिली, म्हणजे औषधानं बोटं बधिर झाली.

घरी आल्यावर मशीनवर बसले. सुई खाली पडली आणि बोटांना ती सापडेना. मला रडूच फुटलं. हे उठले, कपाटातून तेच चुंबक काढलं, दोरीला बांधून फरशीवरून फिरवलं. सुई टक्कन चिकटली.

"बघ, म्हनलं हुतं का न्हाई, कामाला येतंय!"

तुमच्याही घरात कुणीतरी असंच काहीतरी घेऊन येईल. त्याला हाकलू नका, डॉक्टरांकडं सोबत न्या. तारीख मात्र चुकवू नका.

आमचं चुंबक आता शिलाईच्या डब्यात असतं. सुईत दोरा ओवायचं काम ह्यांच्याकडं आहे.