बेंबी नसलेल्या गोट्या

आमच्या ह्यांना गोट्यांचा नाद होता. पोरं खेळतात त्या नाय, जुन्या, काचेच्या. मिल बंद पडल्यावर हे मरोळला वॉचमन लागले आणि सुट्टीला देवनारच्या भंगारवाल्यांकडे जाऊन बसायचे. ढिगातनं एखादी जुनी गोटी हाताला लागली की दिवसभर खूश. मी म्हणायची, "लोक येताना भाजी आणतात, हे कचरा आणतात." तर म्हणायचे, "गप गो. गोऱ्या साहेबाच्या पोरांनी खेळलेली गोटी आहे ही. तुझ्या भाजीपेक्षा टिकेल."

मी चौथीपर्यंत शिकलेली. पण खरी-खोटी ओळखायला ह्यांनीच शिकवलं. जुनी गोटी हाताने केलेली असते. गरम काचेच्या कांडीवरनं कापून काढायचे, तर कापलं तिथे खरखरीत डाग राहतो. हे त्याला बेंबी म्हणायचे. मशीनच्या गोटीला बेंबी नसते. काही लोक नवी गोटी वाळूत घोळवून जुनी म्हणून खपवतात, पण ती सगळीकडनं सारखीच घासलेली दिसते. "खेळताना मार कुठेही बसतो," हे सांगायचे, "मोजूनमापून बसत नाय." अशा एकतीस गोट्या ह्यांनी जमवल्या, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात.

मग शुगरने डोळे गेले. आधी एक, मग दुसरा. तरी डबा मांडीवर घेऊन बसायचे. अंगठ्याने बेंबी चाचपायची आणि ही कुठल्या भंगारवाल्याकडची, त्या दिवशी काय जेवलो होतो, सगळं सांगायचं. दुसरं काही राहिलंच नव्हतं त्यांच्याकडे.

मी तेव्हा अंधेरीला मण्यांच्या गाळ्यात कामाला होते. काचेचे मणी पावडर घालून ड्रममध्ये फिरवतात, दोन दिवसांनी काढले की लखलखतात. त्या वर्षी गणपतीच्या आधी ह्यांच्या पायाची जखम चिघळली, तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. ह्यांना तब्येतीने गावाला नेता येत नव्हतं, म्हणून गणपती खोलीतच आणणार होतो. आमच्यात गणपतीला घरातलं सगळं घासून काढतात. समया, ताम्हण, डबे, पंख्याची पातीसुद्धा. माझ्या मनात आलं, ह्यांच्या गोट्या पण चमकवूया. ह्यांना दिसणार नाय, पण आले-गेले बघतील, कौतुक करतील. ड्रमवाल्याला डबा दिला. त्याने चरे जाण्यासाठी आधी जाड पावडर घातली. मला विचारलंही नाय, आणि मलाही काय कळलं नाय. गोट्या आल्या त्या थेंबासारख्या. मी खूश झाले.

हे घरी आले. डबा मागितला. एक गोटी घेतली, अंगठा फिरवला. दुसरी घेतली. मग सगळ्या मांडीवर ओतल्या.

"ह्या माझ्या नाहीत," म्हणाले. "कोणीतरी बदलल्यात."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. पण जखम ताजी, शुगर वाढलेली. म्हटलं, गणपती होऊ दे, मग सांगीन. त्या तीन दिवसांत मी रात्री दवाखान्यात, म्हणून घराची चावी माझ्या धाकट्या भावाकडे होती, रात्री तोच झोपायला यायचा. ते माझ्या डोक्यातच आलं नाय. ह्यांच्या आलं.

गणपतीच्या चौथ्या दिवशी भाऊ मुलुंडहून नारळ आणि पेढे घेऊन आला. शेजारच्या बाया आरतीला जमल्या होत्या. हे खाटेवरनं म्हणाले, "काय रे, माझ्या गोट्या कुणाला दिल्यास?"

तो हसला. "भावोजी, त्यांचे मोदक केले ताईने."

"मस्करी नको. ज्या घरात जेवलास तिथे हात मारलास?"

भावाचं हसू गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खोबरं किसत होते. मी किसतच राहिले. त्याने पेढे देवापुढे ठेवले, पाया पडला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ह्यांना सगळं सांगितलं. ड्रम, पावडर, सगळं. हे म्हणाले, "भावासाठी खोटं बोलतेस." ड्रमवाल्याला घरी आणलं. तर म्हणाले, "पढवलंस त्याला." मी गोटी उजेडात धरली. आतली लाल-पांढरी वळणं तशीच होती, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, मशीनला जमणार नाय अशी. डोळेवाल्या कोणालाही पटलं असतं. ह्यांच्याजवळ फक्त अंगठा होता, आणि अंगठ्याला बेंबी लागत नव्हती.

परत कधी डबा मागितला नाय त्यांनी. माझ्याशी बोलायचे, जेवण-औषधापुरतं. भाऊबीजेला भाऊ आला नाय. थंडीत हे गेले. स्मशानात भाऊ आला, लाकडाला हात लावला, बाहेरच्या बाहेर गेला.

तेरावं झाल्यावर मी मुलुंडला गेले. म्हटलं, "गोट्या मीच बिघडवल्या होत्या रे. तुझ्यावर आळ आला आणि मी गप्प बसले."

"माहिती आहे," तो म्हणाला. "तुझं तोंड बघितलं ना तेव्हाच कळलं."

"मग तिथेच का नाय बोललास?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो ताई. चप्पल घालेपर्यंत थांबलो."

वहिनीने चहा आणला. तो मी प्याले, कप धुऊन ठेवला आणि निघाले. भाऊ दारापर्यंत आला नाय.