एका हाकेला ओ

आमच्या घरात एका हाकेला कुणी ओ देत नाही. सासूबाई मालवणकडच्या. त्यांचा नियम साधा: हाक मारणारा डोळ्यांपुढे नसेल तर तिसऱ्या हाकेपर्यंत गप्प बसायचं. माणूस तीनदा बोलावतो. जे माणूस नाही ते एकदाच बोलावतं आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. मुलुंडच्या सात मजली बिल्डिंगमध्ये, लिफ्ट, वॉचमन, सीसीटीव्ही असं सगळं असताना हे चालतं! माझा नवरा तर फोनसुद्धा तिसऱ्या रिंगला उचलतो.

त्या मे महिन्यात मी मानसशास्त्राच्या एका पुस्तकाचं भाषांतर करत होते आणि 'इंट्यूशन' या शब्दाने माझं डोकं खाल्लं होतं. 'अंतर्ज्ञान' लिहिलं की समोर कोणी दाढीवाले बाबा येऊन बसायचे. 'अंतःप्रेरणा' म्हटलं की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार. मूळ शोधलं तर लॅटिन निघालं: निरखून बघणं. त्याच धातूला दुसराही अर्थ, राखण करणं. छान आहे, म्हटलं, पण आपल्याकडे हे डोळ्यांनी कुठे होतं? आपल्याला चाहूल लागते, कुणकुण लागते, मनात पाल चुकचुकते. सगळा कानांचा कारभार. हे मी मोठ्याने बोलले. समोर आई, म्हणजे सासूबाई, लसूण सोलत बसल्या होत्या.

"तुमका सगळ्याक पुस्तकां लागतत," एवढंच त्या म्हणाल्या.

बाबा, म्हणजे सासरे, भर दुपारी गच्चीवर गेले होते. गावाहून कोकमं आली होती आणि ती वाळत घालून परतायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. डायबेटिस, उन्हाचा तडाखा, पण ऐकतील तर शपथ.

आईंचा हात थांबला. "कोणी हाक मारल्यान गो?"

"कोणी नाही. मला काही ऐकू आलं नाही."

खरंच आलं नव्हतं. पंखा गरगरत होता, खाली भंगारवाला ओरडत होता. आई मान वर करून दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिल्या. ती आली नाही. नियमाप्रमाणे विषय संपला होता. त्यांनी पुन्हा लसूण हातात घेतलीही. मग ताटली बाजूला सारली आणि छताकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "ओ!"

सून म्हणून इतकी वर्षं या घरात काढली, पण हे कधी घडलं नव्हतं.

"गच्चीर चल," म्हणत त्या दाराबाहेर पडल्यासुद्धा. गुडघे धरून चालणारी बाई, लिफ्टकडे न बघता जिना चढत होती. वर पाण्याच्या टाकीमागे बाबा आडवे पडले होते. शर्ट लालभडक बघून मी किंचाळलेच. कोकमाचा रस होता तो. श्वास चालू होता, डोळे अर्धवट उघडे.

बाबा वाचले. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही आईंना हाक मारलीत ना?"

"हाक खंयची! जीभ उचलत नाय होती," ते म्हणाले. "पण हिची ओ आयकलंय. अगदी कानाकडे. म्हणान डोळे उघडले."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो हो!

मी आनंदाने स्वयंपाकघरात जाऊन आईंना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. भाताचा कुकर लावता लावता म्हणाल्या, "मी ओ दिलंय. कोणाक दिलंय, ता आता कळात."

"काहीतरीच काय आई!" मी चिडले. चिडले, कारण घाबरले होते. ओ देणाऱ्याचं काय होतं यावर त्यांचा लहानपणापासून विश्वास होता. तो विश्वास तसाच ठेवून त्यांनी ओ दिली होती.

पुस्तकात शेवटी 'अंतर्ज्ञान'च गेलं. संपादकांना तेच हवं होतं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचीच वेळ. बाबा आत झोपले होते, त्यांचं घोरणं बाहेर ऐकू येत होतं. आई माझ्याशेजारी तांदूळ निवडत होत्या. जिन्याच्या बाजूने हाक आली.

"अगो!"

आवाज बाबांचा. स्वच्छ, एकदाच. या वेळी मीही ऐकली. आतलं घोरणं चालूच होतं.

आईंच्या आधी आपणच ओ द्यावी, असं मला वाटलं. शप्पथ सांगते, तोंड उघडलंही होतं. त्यांनी तांदळाने पांढरा झालेला हात माझ्या तोंडावर ठेवला.

"तू ओ देव नको," त्या हळूच म्हणाल्या. "ती तुका नाय."

मी त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि आम्ही दोघी दुसऱ्या हाकेची वाट बघत बसलो.