तीन आणे कमी

"किसन, साखळी नीट ताण. कुठेतरी गुंतली असेल."

"बराबर हाय सायेब. पुन्ना टाकू का?"

माझ्या साखळीवाल्याने पुन्हा टाकली. तेच आलं. एक साखळी तेरा आणे.

आमची मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची असे. तिचे सोळा भाग, प्रत्येकाला आणा म्हणायचं. क्रिकेटची विकेट, म्हणजे दोन्हीकडच्या स्टंपांमधलं अंतर, बावीस यार्डांची, म्हणजे बरोबर दोन साखळ्या. तीन आणे कमी म्हणजे सहा फुटांहून जास्त. माझी मोजणी चुकली नव्हती, हे समोर उभ्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. चोरी पकडली गेल्यासारखा तो जमिनीकडे बघत होता.

स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन वर्षं. मी ठाण्याच्या मोजणी ऑफिसात नवा सर्व्हेअर होतो. विठ्ठलवाडीच्या बाजूला निर्वासितांच्या छावण्या माणसांनी भरून गेल्या होत्या आणि कल्याणच्या आसपासचा मोकळा तुकडा न् तुकडा तपासायचा हुकूम निघाला होता. त्यात हे मैदान आलं. रेल्वेत काम करणाऱ्या ख्रिस्ती मंडळींनी काढलेला क्रिकेट-हॉकीचा क्लब. जमीन सरकारी, पट्ट्याने दिलेली. अट एकच, इथे खेळ झाला पाहिजे. सहा महिने खेळ बंद दिसला की जागा सरकारजमा. मला जाऊन मोजायचं होतं आणि खेळ होतो की नाही ते लिहायचं होतं.

म्हाताऱ्याचं नाव पास्कल. इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला, घरी एकटाच. हातात जुनी हॉकी स्टिक, पण आता तिचा उपयोग काठीसारखा. क्लबचा सेक्रेटरी, माळी, कॅप्टन सगळं तोच.

"बाकीचे मेंबर?" मी विचारलं.

"कोन आफ्रिकेला, कोन विलायतेला, कोन वांद्र्याला. बाकीचे थितं." त्याने स्टिकने चर्चच्या आवाराकडे दाखवलं. तिकडे दफनभूमी होती.

मग तो सांगत बसला. मूळची ही पाणथळ जागा. शहरातल्या क्लबांत यांना कोणी घेईना, म्हणून त्याच्या बापाच्या पिढीने स्वतःचं मैदान करायचं ठरवलं. ड्यूटी संपली की प्रत्येकाने लोकोशेडमधून इंजिनांच्या राखेची एक पाटी आणून इथे ओतायची, असा नियम. ड्रायव्हर असो की खलाशी. चार वर्षं ओतली. वर माती, मग गवत. हिवाळ्यात क्रिकेट, उन्हाळ्यात हॉकी.

"आणि आता कोण खेळतं?"

"मी."

"एकटेच?"

"रोज संध्याकाळी. सहा बॉल या बाजूनं, मग चालत जायचं, सहा बॉल त्या बाजूनं. मैदान वापरात हाय, साहेब. लिही तू."

"आणि विकेट तीन आणे कमी कशी?"

"बॉल पोचंना. मग स्टंप जरा अलीकडं लावले."

"जरा?"

"दर साली जरा."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी तेव्हा टेंभी नाक्याजवळ एका खोलीत राहायचो. खानावळ रविवारी बंद. शनिवारी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नसे, कारण तो ऐकायला कोणी नसे. एकट्या माणसाचे नियम हळूहळू आपल्याच सोयीने कसे सरकतात, ते मला ठाऊक होतं. मी तर चहाच्या कपात जेवणाची आमटी घेण्यापर्यंत आलो होतो.

पण समोर बॅट घेऊन कोणी नसताना एका माणसाने चेंडू टाकणं याला खेळ म्हणायचं का? मी तसं स्पष्टच बोललो. "काका, सामना झाला असं लिहायला समोर कोणीतरी पाहिजे."

"आमची वर्साची मॅच असायची. मॅरिड आनि बॅचलर. चार साल झाली, बंद हाय. बॅचलर ऱ्हायलेच नाय." मग त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुझं लगीन झालं?"

"नाही."

"आनि याचं?"

"तीन पोरं हायेत मना," किसन साखळी गुंडाळत म्हणाला.

"मंग तू माज्या साइडला."

मी म्हणालो, "पण काका, तुम्ही तर एकटे राहता."

"एलिस जाऊन नऊ सालं झाली. म्हनून काय झालं? क्लबचा नियम हाय. बायको मेली तरी मानूस मॅरिडमदेच." आणि लगेच, "तुजी साखली घे. स्टंप बरोबर लाव. मॅच हाय."

मी पुऱ्या दोन साखळ्या मोजून स्टंप लावले. नोकरीतली माझी सगळ्यात काळजीपूर्वक केलेली मोजणी तीच.

त्याने आधी बॅटिंग केली. मी चेंडू टाकायचो, तो टोलवायचा आणि किसन त्याच्या वतीने पळायचा. सतरा धावा झाल्या. मग मी बॅट घेतली. पास्कलकाकांचा पहिला चेंडू माझ्यापर्यंत पोचलाच नाही. दुसराही नाही. तिसरा तीन टप्पे घेत आला आणि स्टंपाला लागला. मी मुद्दाम आउट झालो असं ऐकणाऱ्यांना वाटतं. तसं काही नाही. मला बॅट धरताच येत नव्हती.

म्हातारा दोन्ही हात वर करून ओरडला. रिकाम्या मैदानात त्याला टाळी द्यायला किसन धावत गेला. मी स्टंपांपाशी एकटाच उभा राहिलो. बॅचलरांची अख्खी टीम मीच होतो.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी रिपोर्ट वाचला.

"सामना झाला, समक्ष पाहिला. खेळाडू तीन?"

"होय साहेब."

"तिघांत तुम्ही धरून?"

"होय साहेब."

त्यांनी टाक दौतीत बुडवला. मग विचारलं, "कोण जिंकलं?"

"मॅरिड."

"खेळाडू किती, असं फॉर्ममध्ये कुठे विचारलंय? मग लिहिता कशाला?" त्यांनी आकड्यावर काट मारली आणि सही केली. एका वर्षाची मुदतवाढ मिळाली.

पुढच्या वर्षी तपासणीला दुसरा सर्व्हेअर गेला. पास्कलकाका पावसाळ्यातच वारले होते. त्याने 'जागा पडीक' लिहिलं आणि ते खरंच होतं. पुढे मी त्या बाजूला गेलो तेव्हा चाळींचे पाये खोदत होते. खालून काळी राख निघत होती. इथे पूर्वी काय जळलं म्हणून मजूर एकमेकांना विचारत होते. मी सांगायला हवं होतं, पण मी गेलो निघून. त्याची मला अजून लाज वाटते.

फॉर्मने विचारलं नाही ते लिहू नये, एवढं मी त्या प्रकरणातून शिकलो. पुढच्या सगळ्या नोकरीत ते कामी आलं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न झालं. आता तीही राहिली नाही. सरकारी कागदांवर माझ्या नावापुढे 'विधुर' लिहितात. मी खोडायला जात नाही. पण त्या क्लबच्या नियमाने मी अजून मॅरिडच्याच साइडला आहे.