एका तारेवरचे सहा डेपो

स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. नागभीडसारख्या रेल्वेगाड्यांच्या गावातून लग्न होऊन मी आलापल्लीपलीकडच्या जंगलात, लाकडाच्या डेपोवर आले, तेव्हा दिवस खायला उठायचा. पन्नास सालानंतरची ती वर्षं. हे डेपोचे मुन्शी, दिवसभर रानात. घरात मी आणि भिंतीवरचा टेलिफोन.

सहा डेपो आणि एक दवाखाना, सगळे एकाच तारेवर. कुणीही हँडल फिरवलं की सगळीकडे घंटी वाजे. ती किती लांब, किती आखूड, त्यावरून कुणाला बोलावलंय ते कळायचं. नियम साधा होता. आधी उचलून ऐकायचं, कुणी बोलत असेल तर मुकाट्याने ठेवून थांबायचं. पण ठेवतंय कोण! सगळ्या डेपोंवरच्या बायका कान लावून बसत. जितके जास्त रिसीव्हर उचलले जात, तितका आवाज बारीक होई, हे ठाऊक असूनही. हे रागवायचे, "काऊन लोकायचं आयकतेस?"

"मंग काय झाडायचं आयकू?" मी म्हणे.

एका दुपारी दवाखान्याची घंटी वाजली. सवयीने उचलला. शेवटच्या डेपोवरचा जंगलखात्याचा नाकेदार घाबरून सांगत होता, सागाचा ओंडका घसरून मुन्शीभाऊच्या मांडीवर आला, रक्त थांबत नाही. त्या दिवशी हे तिकडेच माल मोजायला गेले होते.

मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. डॉक्टर कुठे दाबायचं, कुठे बांधायचं ते सांगत होते आणि नाकेदार ओरडत होता, "का म्हनलं सायेब? आयकू नाई येऊन राह्यलं!" तारेत कुठला तरी कोंबडा आरवत होता, कुणाचं तान्हं रडत होतं. म्हणजे सगळ्या ऐकत होत्या. माझ्याच माणसाच्या काळजीने ऐकत होत्या, आणि त्यापायी डॉक्टरांचा आवाज पोचत नव्हता. मला भयंकर संताप आला.

"ठेवा!" मी किंचाळले. "सगळ्यायनं ठेवा! त्याले आयकू नाई येत!"

खट. खट. कोंबडा गेला, तान्हं गेलं. आणखी दोनदा खट. आवाज जरा वाढला, तरी नाकेदार विचारतच होता, "वर बांधू का खाली, सायेब?" आता त्या दोघांखेरीज तारेवर मी एकटीच उरले होते.

मीही ठेवला. मग नुसत्या येरझारा. चुलीवरचा भात करपला. दोनदा हात रिसीव्हरपर्यंत गेला, दोनदा मागे घेतला. पुढचं काहीच कळत नव्हतं आणि मला वेड लागायची पाळी आली होती.

हे वाचले. पाय मात्र कायमचा अधू झाला. महिन्याभराने नाकेदार भेटायला आला, तेव्हा अंगणात मला म्हणाला, "बाई, पट्टी बांधल्यावर भाऊनं फोन मांगला. डाक्टरनं ठेवला होता. भाऊ घंटी न वाजवताच तुमच्याशी बोलले, लय वेळ. म्हने, बायको आयकतच असन. मी दूर जाऊन उभा राह्यलो. नवरा-बायकोचं मी काऊन आयकू?"

मी तशीच आत गेले. "त्या दिवशी मले काय सांगत होते तुमी?"

हे म्हणाले, "तू आयकलं नाई? मी तर महिनाभर वाट पाहून राह्यलो, तू कवा काई म्हनशीन म्हनून."

पुढे कितीदा तरी विचारलं. ते दर वेळी म्हणाले, "आता नाई येत तसं बोलता."