विहिरीतली मरळ

पन्नासच्या दशकात मी चांदा जिल्ह्यात पटकीच्या साथीच्या कामावर होतो. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची आणि नंतर पाणी तपासायचे. पांढऱ्या पेल्यात पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकत असू. निळे झाले तर विहिरीतली पावडर पुरली, पाणी प्यायला चालेल.

ब्रह्मपुरीपुढे वैनगंगेच्या काठावरील एका गावात काम अडले. त्या भागात विहिरीत मासा सोडून ठेवत. मासा जिवंत, तोवर पाणी चांगले. या विहिरीत एक मोठी मरळ होती. शेजारच्या गावात आमच्या निरीक्षकांनी न विचारता पावडर टाकली होती. तिथले मासे पोट वर करून तरंगले आणि गाव नाल्याचे पाणी पिऊ लागले. नाल्यात रोग्यांचे कपडे धुतले जात. म्हणून इथे कोणी पावडर टाकू देईना.

एक म्हातारी घागर घेऊन विहिरीच्या कडेला बसून होती. तिचा मुलगा त्याच शेजारच्या गावी लग्नाला गेला आणि पटकीने मेला. घरी सून बाळंतीण होती.

"दवेनं मासा मरते, मंग माणूस कसा जगन?" तिने विचारले.

निरीक्षक म्हणाले, "बाई, हे पाणी आम्हीसुद्धा पितो."

"तुमी सरकारी माणसं. तुमाले काय होते?"

बाजूला बसलेला ढिवर, गावचा मासेमार, हसला. "साहेब, मासा मी काढून देतो. उद्या सोडू. जगला त प्याचं."

त्याने मरळ जाळ्यात धरून रांजणात ठेवली. आम्ही पावडर टाकली. बाळंतिणीला तोवर उकळलेले पाणी द्यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी पेल्यातले पाणी फिकट निळे झाले. निरीक्षकांनी मान डोलावली. पेल्याकडे गावातल्या कोणी पाहिले नाही. ढिवराने मरळ सोडली. ती तळाशी जाऊन दिसेनाशी झाली.

"मेली काय?" म्हातारीने विचारले.

"मेली असती त वर आली असती."

काही वेळाने मरळ, तिच्या जातीच्या सवयीप्रमाणे, हवा घ्यायला वर आली आणि परत खाली गेली.

मासा जगला याचा अर्थ दवेचा जोर ओसरला, एवढाच. जंतूंबद्दल मासा काही सांगत नाही. निरीक्षकांना हे ठाऊक होते. त्यांनी म्हातारीला पाणी भरायला सांगितले.

म्हातारीने घागर भरली. मी तिच्यासोबत घरापर्यंत गेलो. सुनेने पेला तोंडाशी नेला आणि खाली ठेवला.

"वास येऊन राह्यला, आत्याबाई."

"येऊ दे. नाक धर अन् पे."

सुनेने नाक धरले आणि पेला रिकामा केला.